थोरल्या बाईंचा फोटो काही होईना

सोमवार, ५ फेब्रुवारी

सूनबाईनं आज ही वही हातात ठेवली. म्हणाली, "बाबा, रोज जे शिकाल ते यात लिहा. नाहीतर उद्या पुन्हा मलाच विचाराल." म्हणून लिहितो. आज शिकलो ते असं, की माऊस चालेनासा झाला तर उचलून आपटायचा नसतो.

जन्मभर भिंती रंगवल्या. शाळा जेमतेम चौथी, बाकीचं शिक्षण भिंतींनी दिलं. मग गुडघ्यांनी शिडीशी काडीमोड घेतला आणि मी घरी बसलो. बसलो म्हणजे काय, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पोपडे बघत त्या रंगाऱ्याला शिव्या घालत बसलो. सूनबाईच्या स्टुडिओत फोटो सुधारणारी मुलगी दुसरीकडे नोकरीला लागली, तेव्हा ही म्हणाली, "बाबा, रंगातलं तुम्हाला कळतं, यंत्रातलं मी शिकवते. या माझ्याबरोबर." जेवताना मुलगा हसून म्हणाला, "फोटोतल्या माणसांना डिस्टेंपर मारतील हं बाबा!" सगळे हसले, मीही हसलो. पण घास काही नीट उतरला नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत कॅमेरा, दोन दिवे, पाठीमागे राखाडी कागद आणि बसायला पाठ नसलेलं स्टूल. मागच्या खोलीत संगणक आणि मी. शेजारी किल्ल्या बनवणारा बसतो, त्याची कानस दिवसभर दात शिवशिववते.

आजची नवलाई म्हणजे थर. फोटोवर एकावर एक काचा ठेवाव्यात तसं आहे हे. खालचं चित्र जागच्या जागी राहतं, आपण वरच्या काचेवर रंग लावायचा. चुकलं तर काच काढून टाकायची, झालं! भिंतींना ही सोय असती तर माझं अर्धं आयुष्य खरवडण्यात गेलं नसतं.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज दोन बायका आल्या आणि स्टुडिओत जत्रा भरल्यासारखं झालं. जुळ्या बहिणी. कोपऱ्यावर बटणं, दोरे, नाड्या असलं सामान विकतात. सगळे त्यांना बटणवाल्या म्हणतात. थोरली चार मिनिटं आधी जगात आली, त्याचा रुबाब अजून करते. धाकटी म्हणते, "आधी जाऊन जागा बरी आहे का बघ, म्हणून मीच पाठवली होती हिला."

साठी कधीच उलटली दोघींची. धाकटीनं लग्न केलं नाही. थोरलीचे यजमान लवकर गेले, मग दोघींनी मिळून दुकान चालवलं, मुलगा वाढवला. तो आता लांब मोठ्या शहरात असतो. नवं घर घेतलंय, आईसाठी वेगळी खोली ठेवलीय, महिनाअखेरीला न्यायला येणार आहे. धाकटी दुकान सांभाळायला इथेच राहणार. म्हणून फोटो. थोरलीचा धाकटीला आणि धाकटीचा थोरलीला.

सूनबाई दिवे लावत होती तोवर दोघींचं चालूच होतं.

"नीट बस. पोक काढू नकोस, मला रोज बघायचाय तो फोटो."

"तू हसू नकोस. हसलीस की तुझं तोंड पिशवीसारखं उघडतं."

"मग काय रडू?"

यावर थोरल्या बाईंनी डोळ्यांची उघडझाप केली. दिव्याकडे बघत राहिल्या. दिवे जरा जास्तच प्रखर आहेत, सूनबाईला सांगायला हवं.

सूनबाई मला म्हणाली, "बाबा, हे तुमचं पहिलं काम. करा."

सोमवार, १२ फेब्रुवारी

केलं! आणि कसं केलं म्हणून सांगू! कामाची एक रीत असते. आधी भेगांत लांबी भरायची, मग पॉलिश पेपर मारायचा, मग रंग. तोच नियम इथे लावला. दोन्ही चेहऱ्यांवरच्या भेगा भरल्या, डाग काढले, खड्डे बुजवले आणि वरून एकसारखा गुलाबी हात दिला. बोट फिरवलं तर घसरेल असे गाल झाले. आता मुलाला दाखवतोच, डिस्टेंपर म्हणतो काय!

मंगळवार, १३ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण.

दोघी आल्या. फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोघींनी बघितलं. मग एकमेकींकडे बघितलं.

"यातली मी कुठली?" थोरली म्हणाली.

"ही तू."

"छे, ही तू. माझा हात असा नसतो."

"जी देखणी आहे ती मी."

"दोघीही देखण्याच आहेत गं! आपण कोण आहोत या?"

आणि ज्या हसायला लागल्या! टेबलाला धरून हसत होत्या. शेजारचा किल्लीवाला कानस ठेवून बघायला आला. सूनबाई आतून आली, फोटो बघून तिचा चेहरा पडला. "बाबा, तीळ कुठंय?"

"कुठला तीळ?"

"थोरल्या बाईंच्या हनुवटीवरचा!"

"तो डाग होता. काढला."

"बाबा, अहो सगळं गाव त्या तिळावरून ओळखतं यांना! कपडेसुद्धा एकाच ताग्यातले घालतात या!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी चाळीस वर्षांत कुणाची भिंत अशी बिघडवली नव्हती. सूनबाईनं मूळ फोटो वेगळे जपून ठेवले होते म्हणून निभावलं. मी म्हटलं, "दोन दिवसांत नव्यानं करून देतो."

थोरल्या बाईंचं हसू थांबलं. "दोन दिवस? एवढी कसली घाई, पेंटर? नीट करा. फोटो मनासारखा झाल्याशिवाय मी हलणार नाही, असं लेकाला कळवून टाकते."

टोमणा मुकाट्यानं गिळला. माझीच चूक.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

लांबी बंद. या वेळी एकही सुरकुती बुजवली नाही. उलट सूनबाईनं संगणकावर दाखवलेली, कातडीचा पोत उठवायची पट्टी उजवीकडे सरकवली, आणखी सरकवली. चेहरा काय स्पष्ट झाला! धाकट्या बाईंनी फोटो हातात घेतला आणि लांब धरला.

"अगं बाई, हे माझं तोंड आहे की आपल्या दुकानाची फरशी?"

"फरशी बरी," थोरली म्हणाली, "फरशी आपण रोज पुसतो तरी."

आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो. पण दोघी रागावल्या मुळीच नाहीत. जाताना थोरल्या बाई म्हणाल्या, "होईल हो. पुढच्या आठवड्यात येतो."

मी सूनबाईला विचारलं, "मला जमणार नसेल तर सांग. स्पष्ट सांग. मी आपला घरी बसतो." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सावकाश करा. जितकं सावकाश तितकं चांगलं." म्हणजे तिलाही माझा भरवसा वाटत नाही. पोर सुस्वभावी आहे, तोंडावर बोलत नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज सुट्टी. बाजारात माणसांचे चेहरे बघत हिंडलो. इतकी वर्षं माणसांच्या पाठीमागच्या भिंतीच बघत होतो, हे आज लक्षात आलं. कातडी कुठेच एकरंगी नसते. कपाळ पिवळसर, नाकाचा शेंडा लालसर, डोळ्यांखाली जांभळट झाक, कानाच्या पाळ्या तर उन्हात दिव्यासारख्या पेटतात. आणि पोत! गालाचा वेगळा, गळ्याचा वेगळा. एक फळवाला म्हणाला, "आजोबा, फळं इकडं आहेत, माझ्या तोंडाकडं काय बघताय?" मी म्हटलं, "तुझा गाल बघतोय, झकास आहे." त्यानं दोन संत्री जास्तीची टाकली.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आजचा फोटो चांगला झाला होता. मी म्हणतो म्हणून नव्हे, किल्लीवालाही म्हणाला. तीळ जागेवर, सुरकुत्या जागेवर, गालावर नुसती हलकी फुंकर घातल्यासारखा हात. थोरल्या बाईंनी बराच वेळ बघितलं. मला वाटलं, जिंकलो. तर हळूच म्हणाल्या, "नाक जरा माझं वाटत नाही."

"बाई, नाकाला मी हातही लावलेला नाही!"

"म्हणूनच वाटत नसेल. लावून बघा की."

धाकट्या बाई म्हणाल्या, "आणि हिचे कान मोठे दिसतात."

"मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, लहान दिसतात म्हणून!"

"मागच्या खेपेला लहान दिसत होते."

सूनबाई तोंडावर पदर धरावा तसा कागद धरून आत पळाली. हिला एवढं हसू कशाचं येतं? सासऱ्याची फजिती होतेय आणि ही हसतेय. नाकाचं काम हाती घेतलं आहे.

शनिवार, २४ फेब्रुवारी

नाक केलं. तर म्हणे कपाळ. कपाळ केलं. तर म्हणे गळ्याचा रंग चेहऱ्याशी जुळत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणू शकत नाही, कारण नाचणारा मी आणि अंगणही माझंच.

आज दोघी बाहेर पडल्यावर खिडकीतून बघितलं. रस्त्याच्या कडेला एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. मला हसत असणार, दुसरं काय! पण मग धाकट्या बाई परत आल्या, विसरलेली पिशवी न्यायला. टेबलावर थोरलीचा फोटो होता तो उचलला, आणि बघता बघता डोळे पुसायला लागल्या. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाल्या, "काही नाही हो, डोळ्यात काहीतरी गेलं."

त्या गेल्यावर मी दोन्ही खोल्या झाडून काढल्या, ओल्या फडक्यानं टेबल पुसलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात कचरा जातो म्हणजे काय!

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. बोलायला गोड आहे. "काका, आईचा फोटो झाला का? गुरुवारी येतोय. रविवारची तिकिटं काढतो." मी म्हटलं, "गुरुवारपर्यंत करतोच." फोन ठेवला तर सूनबाई माझ्याकडे बघत होती. "बाबा, एकदम कबूल कशाला केलंत?" मी विचारलं, "का? जमणार नाही असं वाटतं का तुला?" ती काहीतरी सांगायला गेली आणि थांबली. म्हणाली, "तुमच्या तोंडावर सगळं दिसतं हो बाबा, म्हणून काही सांगता येत नाही तुम्हाला."

माझ्या तोंडाचा इथे काय संबंध, देव जाणे.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आता मीच पेचात आहे. बायकांचं राहू द्या, मलाच फोटो पटेना. रेघ न् रेघ बरोबर, तीळ बरोबर, पोत असा की हात लावावासा वाटावा. तरी थोरल्या बाई आजारी दिसतात. पिवळा कमी केला तर पांढऱ्याफटक. लाल वाढवला तर ताप चढल्यासारख्या. छापून उन्हात नेला, सावलीत नेला, किल्लीवाल्याच्या टपरीत नेला. सगळीकडे तेच.

मग त्या दिवशीचे सगळे फोटो सूनबाईकडून मागून घेतले. त्यात एक दिव्यांची चाचणी घेताना सहज काढलेला सापडला. थोरल्या बाई स्टुलावर, धाकट्या बाई वाकून त्यांच्या गळ्याचं बटण लावतायत. दोघींची तोंडं उघडी, बहुतेक भांडतच असणार. आणि रंग! मी खुर्चीतून उठलो. हाच रंग मी पंधरा दिवस शोधत होतो! याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

म्हटलं, सापडला. यातल्या थोरल्या बाई तेवढ्या कापून वेगळ्या काढल्या, राखाडी कागदावर एकट्या ठेवल्या. पुन्हा चेहरा उतरला! रंग तोच, एक कणही बदललेला नाही, तरी उतरला. परत धाकटीला शेजारी आणलं. आला रंग.

खूप विचार केला. मग माझ्या धंद्यातलंच आठवलं. कुठलाही रंग एकटा कधी कळत नाही. सायीचा रंग पांढऱ्याशेजारी पिवळा दिसतो, आणि तपकिरीशेजारी पांढरा. शेजारी काय आहे त्यावर सगळं ठरतं. थोरल्या बाईंचा रंग धाकट्या बाईंशेजारीच बरोबर लागतो. याला इलाज नाही. एवढंच खरं आहे, आणि गुरुवारी तेच सांगावं लागणार. पहिलंच काम, आणि तेच होत नाही म्हणून सांगायचं. पण बिघडलेलं काम झालं म्हणून देणं मला येत नाही.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

थोरल्या बाईंचा मुलगा आला. उंच, सभ्य, हातात पिशवी. दोघी त्याच्या दोन बाजूंना गप्प उभ्या. एवढ्या गप्प मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"काका, झाला ना फोटो?"

सूनबाई दाराशी श्वास रोखून उभी राहिली. माझी अब्रू जाणार म्हणून तिलाही वाटत असणार. मी म्हटलं, "नाही झाला."

"अहो, पण परवा तर म्हणालात..."

"म्हणालो होतो. माफ करा. सगळे उपाय केले. तुमच्या आईचा एकटीचा फोटो होत नाही. माझ्या हातून नाही होत, आणि खरं सांगू, कुणाच्याच हातून होईल असं वाटत नाही."

"असं कसं? एवढी यंत्रं आहेत तुमच्याकडे."

"या, दाखवतो." मी त्याला आत नेलं, तो बटण लावतानाचा फोटो पडद्यावर मोठा केला. "हा बघा आईंचा रंग. छान आहे की नाही? आता धाकट्या बाईंवर हात ठेवा. तुमच्याच हातानं झाका, म्हणजे मी काही फिरवाफिरवी केली असं वाटायला नको."

त्यानं पडद्यावर तळहात ठेवला. मावशी झाकली गेली. एकट्या थोरल्या बाई उरल्या.

"बघितलंत? उतरला की नाही चेहरा? आता हात काढा."

त्यानं काढला.

"आला रंग. मी पंधरा दिवस हेच बघतोय. धाकट्या बाईंना शेजारून काढलं की आईंचा रंग जातो. त्याला माझ्याकडं औषध नाही."

त्यानं पुन्हा हात ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला, आणि या वेळी बराच वेळ काढलाच नाही. किल्लीवाल्याची कानससुद्धा थांबली होती. मग तो वळला आणि आईकडे बघत राहिला.

"आई, नाक बरोबर नाही, कान बरोबर नाहीत... हे सगळं..."

थोरल्या बाई पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या, "तू एवढ्या हौसेनं खोली सजवलीस रे. तुला नाही कसं म्हणू?"

"आणि मावशी, तू?"

"मी काय बोलणार? तुझी आई ती. मी तुला अडवू का?"

तो बाहेर गेला आणि रस्त्यावर उभा राहून फोनवर कुणाशी तरी बोलू लागला. मला वाटलं, दुसऱ्या स्टुडिओची चौकशी करतोय, आणि करावीच त्यानं, त्याचं काय चुकलं? पण आत आला तर डोळे लाल. म्हणाला, "तिकीट एकच ठेवलं. माझं. दर सुट्टीला मीच येईन. आणि खोली दोघींची आहे, वाटेल तेव्हा दोघी मिळून या." धाकट्या बाईंनी त्याच्या पाठीत असा जोरात धपाटा घातला की त्याच्या हातातली पिशवी पडली. मग तिघं एकदम रडायला आणि हसायला लागले. थोरल्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. "पेंटर, तुमचे उपकार कसे फेडू हो?"

काम बिघडवलं, वेळेवर दिलं नाही, आणि वर उपकार म्हणतात! माणसं मोठ्या मनाची आहेत. कुटुंबाचं त्यांचं काय ठरलं ते त्यांचं त्यांना माहीत, पण माझ्यावर कुणी रागावलं नाही हे खरं.

घरी सूनबाईनं गोड केलं. मी विचारलं, "आज काय विशेष?" तर मुलाला म्हणाली, "अहो, बाबांसारखं काम या गल्लीत कुणाला जमणार नाही." मुलानं स्वतः उठून मला वाढलं आणि डिस्टेंपरचं नावही काढलं नाही. घास मात्र छान उतरला.

मंगळवार, ५ मार्च

बटणवाल्यांनी तोच फोटो मागितला, दोघींचा, दुकानात लावायला मोठा. मी पोत जरा सावरला, दिव्याची चमक कमी केली, बाकी हात लावला नाही. भीतभीतच समोर ठेवला.

"वा!" थोरली म्हणाली.

"झालं की!" धाकटी म्हणाली.

नाक तेच, कान तेच, तीळ तोच. एक खोड काढली नाही! मी न राहवून विचारलं, "नाक?" थोरल्या बाई म्हणाल्या, "नाकाला काय झालंय? लहानपणापासून असंच आहे." एक प्रत मुलाला पाठवली, एक दुकानात टांगली. आता दुकानात येणारा प्रत्येकजण विचारतो, फोटो कुठे काढला, आणि सूनबाईकडे रांग लागलीय.

यातून मी एक धडा घेतला आहे आणि तो वहीत पक्का लिहून ठेवतो. माणसाला एकट्याला बसवलं की रंग लागत नाही. आज सकाळी एक रखवालदार ओळखपत्राच्या फोटोसाठी आला, चेहरा अगदी कोरा. मी म्हटलं, "घरून कुणाला तरी घेऊन या, रंग चांगला लागेल." तो खरंच जाऊन बायकोला घेऊन आला. सूनबाईनं कपाळावर हात मारला. "बाबा, ओळखपत्रावर एकच माणूस लागतो!" मग त्या बाईंना कॅमेऱ्याशेजारी उभं केलं. त्यांनी नवऱ्याकडे बघून नुसतं म्हटलं, "गालाला साबण राहिलाय."

ओळखपत्रावर एवढा प्रसन्न माणूस मी तरी आजवर बघितला नव्हता. रंगाला हातसुद्धा लावावा लागला नाही.